पतपेढीचं घड्याळ

सेकंदरावांचं खरं नाव त्यांच्या दुकानाच्या पाटीवर होतं, पण पाटी इतकी जुनी की अक्षरं उडून नुसते खिळे उरले होते. गल्लीने त्यांना सेकंदराव म्हणायला सुरुवात केली आणि तेच चिकटलं. माणूस घड्याळं दुरुस्त करायचा. जन्मल्यावर या बाळाने पहिलं रडणं दोन मिनिटं रोखून धरलं, कारण तास भरायला तेवढा वेळ होता, असं त्यांची आई चारचौघांत सांगायची. सेकंदराव तिथेच तिची चूक काढायचे, "दोन नाही, पावणेदोन."

असा माणूस जगाला तुच्छ लेखणार नाही तर काय करणार? सेलवर चालणाऱ्या घड्याळांना ते घड्याळ म्हणत नसत, खेळणं म्हणत. "पाचच्या सुमारास येतो," असं कुणी गिऱ्हाईक म्हणालं की समोर तबकडी धरायचे. "यात सुमार कुठे लिहिलाय तेवढा दाखवा." गिऱ्हाईक तबकडीकडे बघायचं, मग सेकंदरावांकडे, आणि पुढच्या वेळी पलीकडच्या चौकातल्या दुसऱ्या घड्याळजीकडे जायचं. तिथे फसून दोन महिन्यांनी तोंड पाडून परत यायचं, ही गोष्ट वेगळी.

पण त्यांच्या तुच्छतेचा खास साठा राखून ठेवलेला होता तो पतपेढीसाठी.

पतपेढी होती सायकलवाल्याच्या दुकानाच्या वर. जिन्याच्या चौदा पायऱ्या, त्यातली नववी हलणारी, आणि वर पोचेपर्यंत नाकात पंक्चर काढायच्या सोल्युशनचा वास. दोन खोल्या, एक जाळी, जाळीमागे एक बाई. ही बाई म्हणजे सेकंदरावांच्या बायकोची थोरली बहीण. सगळा गाव तिला ताई म्हणायचा, म्हणून नाइलाजाने सेकंदरावही. खालचा सायकलवाला पतपेढीचा अध्यक्ष. सभासद कोण, तर दवाखान्यातल्या सिस्टर, बेकरीतले कामगार, बसचे ड्रायव्हर, झाडूवाल्या. आणि हेच सगळे म्हणे तिचे मालक!

"जिथे मालकच रांगेत उभा राहतो ती काय बँक?" सेकंदराव म्हणायचे. "उद्या म्हणाल, बसमधले सगळेच ड्रायव्हर."

बायको बावीस वर्षं तिथे पैसे ठेवत होती. सेकंदराव त्याला 'बहिणी-बहिणींचा गल्ला' म्हणायचे. वर्षाअखेरीला ती लाभांश घेऊन घरी आली की विचारायचे, "काय, मालकीणबाई, किती नफा झाला तुमच्या साम्राज्याला?" त्या पैशांतून घरात काहीतरी यायचं, मिक्सर म्हणा, पंखा म्हणा, आणि सेकंदराव त्याच पंख्याखाली बसून पतपेढीला नावं ठेवायचे.

त्यांचे स्वतःचे पैसे होते कोपऱ्यावरच्या मोठ्या बँकेत. काचेचा दरवाजा आपोआप उघडायचा, आत थंडगार हवा, आणि टेबलाशी बसलेली एक मुलगी त्यांना 'सर' म्हणायची. आयुष्यात दुसरं कुणी म्हटलं नव्हतं. ही बँक त्यांच्याकडून खात्याची फी कापायची, पासबुक छापायची फी कापायची, आणि फी कापल्याचा जो निरोप मोबाइलवर धाडायची त्याचीही फी कापायची. सेकंदराव ते मुकाट सोसत. कारण बँकेच्या दिवाणखान्यासारख्या त्या हॉलमध्ये भिंतीवर एक उंच लंबकाचं घड्याळ होतं आणि त्याची देखभाल त्यांच्याकडे होती. दर शनिवारी सकाळी ते शिडीवर चढायचे, चावी द्यायचे, कान लावून ऐकायचे. बँक उघडायची त्या घड्याळावर आणि बंद व्हायची त्या घड्याळावर. एवढी मोठी बँक आपल्या बोटाच्या टोकावर चालते म्हटल्यावर माणूस दहावीस रुपयांच्या फीकडे बघतो होय?

मग दुकानाचा म्हातारा मालक वारला. त्याच्या पुतण्याला विकायची घाई. तो दुकानात आला, टेबलाला टेकला, आणि म्हणाला, "काका, तीस वर्षं तुम्ही इथे आहात, म्हणून पहिला हक्क तुमचा. शनिवारी संध्याकाळी सहापर्यंत तीन लाख विसार द्या, बाकीचं तीन वर्षांत. नाहीतर चष्मेवाला तयारच आहे."

चष्मेवाला तयार होताच. तो आदल्याच दिवशी येऊन मधल्या भिंतीवर टिचकी मारून गेला होता. "ही घड्याळं उतरवली की आरसे छान बसतील," असं सेकंदरावांच्या देखत म्हणाला होता. तीस वर्षं ज्या भिंतीवर चाळीस घड्याळं एका ठेक्यात चालली, तिच्यावर आता लोक नाकावर काड्या ठेवून स्वतःची थोबाडं बघणार!

शनिवारी सकाळी सेकंदरावांनी बँकेचं घड्याळ लावलं. दोन सेकंद मागे होतं. त्यांनी ते दोन सेकंद काढून टाकले. दुपारी साडेतीनला इस्त्रीचा शर्ट घालून ते गिऱ्हाईक म्हणून पुन्हा तिथेच गेले. दीड लाखाची मुदत ठेव मोडायची आणि दीड लाख कर्ज काढायचं, असा हिशेब.

"सर, ठेव मोडायला कामाचे सात दिवस लागतात," मुलगी म्हणाली.

"पैसे माझे आहेत ना?"

"हो सर, म्हणूनच सातच दिवस."

"बरं, कर्जाचं बघा."

तिने बटणं दाबली. पडद्यावर काहीतरी लाल उमटलं. तिने टाय घातलेल्या एका पोरगेल्या साहेबाला हाक मारली. साहेबाने पडदा बघितला आणि सेकंदरावांकडे अशा नजरेने पाहिलं, जशी ते स्वतः सेलच्या घड्याळाकडे टाकायचे.

"सर, तुम्ही याआधी कधी कर्ज घेतलेलं नाही."

"नाही! छातीवर हात ठेवून सांगतो. कुणाचा छदाम ठेवला नाही."

"तोच प्रॉब्लेम आहे. कधी घेतलंच नाही, तर तुम्ही फेडता की बुडवता हे सिस्टिमला कळणार कसं?"

"मला विचारा की! तीस वर्षं तुमच्या डोक्यावरचं घड्याळ लावतोय मी."

साहेबाने मान वर केली. आपल्या डोक्यावर घड्याळ आहे हे बहुधा त्याला तेव्हाच समजलं. "ते मेंटेनन्समध्ये येतं सर. हे रिटेलमध्ये."

एवढ्यात त्या घड्याळाने घसा खाकरला आणि चारचे ठोके दिले. चौथा ठोका विरायच्या आत रखवालदाराने सेकंदरावांचं कोपर धरलं. "चला काका, वेळ झाली."

"दोन मिनिटं थांब."

"घड्याळ बघा की," रखवालदार म्हणाला. "एक सेकंद इकडचं तिकडे होत नाही त्याच्यात."

काचेचा दरवाजा आपोआप बंद झाला. सेकंदराव बाहेरून आपल्याच घड्याळाकडे बघत राहिले. सकाळी काढून टाकलेले दोन सेकंद तेवढे आठवले.

दुकानात बायको पिशवी घेऊन तयारच बसली होती. नवऱ्याचा चेहरा बघून ती उठली.

"बडा घर पोकळ वासा," ती म्हणाली. "चला, ताईकडे."

"त्या वासात? त्या नवव्या पायरीवरून?"

"वास नाकाला लागतो, दुकानाला नाही. मी पुढे जाते, फॉर्म भरते. तुम्ही पाचच्या आत या, तुमची सही लागेल. पाचला बंद होते पतपेढी."

"अगं, पण..."

"पाचच्या आत!" आणि ती गेलीसुद्धा.

आता सेकंदराव एकटे. चाळीस घड्याळं टिकटिक करत होती. त्यांच्या डोळ्यांसमोर ताई आली. तीस वर्षं जिच्या जाळीला ते कोंबड्यांचा खुराडा म्हणत आले, त्या जाळीपुढे हात पसरायचा? दुकान गेलं तर नशिबाला बोल लावता येईल. दुकान राहिलं तर मेव्हणीचे आभार मानावे लागतील. त्यांनी दोन्ही गोष्टी तराजूत घातल्या आणि, खोटं वाटेल, पण मेव्हणीचं पारडं जड झालं.

मग या माणसाने आयुष्यात कधी न केलेली गोष्ट केली. ठरवून उशीर केला. दुकान ते पतपेढी सहा मिनिटं. पाच वाजून चार मिनिटांनी निघायचं म्हणजे पाच दहाला तिथे. कुलूप बघायचं, जिना उतरायचा, बायकोला सांगायचं, "गेलो होतो गं, बंद झाली." पाच वाजेपर्यंत त्यांनी एका मनगटी घड्याळाची काच पुसली. ती घरी जाताना चष्मेवाल्याला भेट द्यावी इतकी स्वच्छ झाली. पाच चारला ते उठले. सायकलवाल्याच्या दुकानासमोर बरोबर पाच दहा. खाली सायकलवाला नव्हता. वा, झालं काम!

ते चौदा पायऱ्या चढले. नववी हलली. वर दार सताड उघडं, आणि आत ही गर्दी. पंधरावीस माणसं रांगेत, बाकावर बायको, टेबलाशी सायकलवाला ऑइलचे हात पुसत बसलेला, आणि जाळीमागे ताई. सेकंदरावांनी भिंतीकडे पाहिलं. गोल, पिवळ्या तबकडीचं, एका बाजूला कललेलं एक घड्याळ. पाचला दहा मिनिटं कमी.

दुकान गेलं, विसार गेला, कर्ज गेलं, सगळं डोक्यातून गेलं. तोंडातून एकच निघालं, "तुमचं घड्याळ मागे आहे!"

सगळी रांग हसली. एक सिस्टर तर पोटावर हात ठेवून हसली.

"आलात भाऊजी," ताई म्हणाली. "दहा मिनिटं आधी. तुम्हाला शोभलं."

"आधी कसलं? पाच दहा झालेत! घड्याळ वीस मिनिटं मागे आहे तुमचं."

"आहेच मुळी. ठराव आहे तसा."

"कसला ठराव?"

सायकलवाल्याने खुलासा केला. दवाखान्याची पाळी सुटते पाचला, बेकरीचीही पाचला. संस्थेच्या नियमात लिहिलेलं, पाचला व्यवहार बंद. नियम बदलायचा तर वरच्या कचेरीतून मंजुरी आणा, त्याला दोन वर्षं. मग एका सभेत कुणीतरी म्हणालं, नियमात 'पाच' लिहिलंय, कुणाच्या घड्याळाचे ते कुठे लिहिलंय? हात वर झाले, मतं मोजली, घड्याळ मागे.

"अरे, पण मग सकाळी वीस मिनिटं उशिरा उघडता की काय?"

"छे हो," ताई म्हणाली. "सकाळी आम्ही आमच्या मनगटावरच्या घड्याळाने येतो."

सेकंदरावांना हसावं की दातखिळी बसू द्यावी ते कळेना. वेळेचा इतका उघडा, ठराव करून, मतं मोजून केलेला अपमान त्यांनी कुठे पाहिला नव्हता. ते मागे वळलेच होते, पण बायकोने त्यांच्या शर्टाचं टोक धरलं. "आलाच आहात तर बसा."

ते बसले. फॉर्म सायकलवाल्यापुढे गेला. कर्ज सभासदाला मिळतं. बायको सभासद होती, पण दुकान चालवणार सेकंदराव, म्हणून त्यांनाही व्हायला लागेल. एका शेअरची किंमत घड्याळाच्या सेलपेक्षा कमी निघाली. "वा," सेकंदराव म्हणाले, "एवढ्यात मालक?" आणि खिशातून नाणी काढून अशी ठेवली, जशी रस्त्यात सांडलीत.

मग सायकलवाला उभा राहिला आणि रांगेकडे तोंड करून ओरडला, "घड्याळवाल्यांचा तीन लाखांचा अर्ज आहे! कुणाला काही बोलायचंय?"

ही तिथली रीत. पडद्यावर लाल-हिरवं काही उमटत नाही. माणसाला समोर बसवतात आणि ज्यांचा त्याच्याशी संबंध आला त्यांना विचारतात. सेकंदरावांनी रांगेवरून नजर फिरवली. या रांगेतल्या प्रत्येकाला त्यांनी कधी ना कधी तबकडी दाखवली होती.

"मला बोलायचंय," बेकरीतला एक जाडजूड माणूस म्हणाला. "मला हे मूर्ख म्हणाले होते. गिऱ्हाइकांच्या देखत."

"का?"

"घड्याळ भट्टीवर ठेवलं होतं मी."

"मग मूर्खच की तू," सायकलवाला म्हणाला. "पुढे बोला."

"सांगितलेल्या दिवशी दिलं पण," जाड्या पुटपुटला. "सांगितलेल्या मिनिटाला. मी उशिरा गेलो म्हणून परत शिव्या."

एका ड्रायव्हरने सांगितलं, हा माणूस माझ्या पोरीच्या लग्नाला आला आणि वेळेत सुरू होत नाही म्हणून निघून गेला. आहेर मात्र ठेवून गेला. एका झाडूवालीने सांगितलं, याच्या दुकानापुढे कचरा कधी नसतो, पण 'राम राम'सुद्धा कधी नसतो. प्रत्येक वाक्यात एक टोमणा आणि टोमण्याच्या शेपटीला एक प्रमाणपत्र. सेकंदराव खाली मान घालून बसले होते. बायको मात्र ताठ बसली होती आणि तिला चक्क मजा येत होती.

शेवटी ती पोट धरून हसणारी सिस्टर पुढे आली. "मी वडिलांचं गजराचं घड्याळ नेलं होतं. यांनी उघडलं, बघितलं, आणि म्हणाले, याला दुरुस्त करणं म्हणजे मेलेल्याला औषध. फेका. मी तिथेच रडले. हे म्हणाले, रडायचं तर बाहेर, काचेवर पाणी उडतं."

"अरेरे," रांगेतून आवाज आला.

"ऐका तर. पैसा घेतला नाही. मी रागाने चौकातल्या दुसऱ्या घड्याळजीकडे गेले. तो गोड बोलला, पाणी दिलं, आणि तीनदा पैसे घेतले. घड्याळ आहे तसंच मेलेलं." तिने पेन काढलं. "हा माणूस खवट आहे. तोंडात साखर नाही, मीठही नाही. पण खोटं बोलून पैसे काढणारा नाही. मी जामीन राहते."

"दुसरा जामीन?" सायकलवाल्याने विचारलं.

"मीच," बेकरीतला जाड्या म्हणाला. "पण मूर्ख म्हणालेलं मागे घ्या."

सेकंदरावांनी वर पाहिलं. बायकोने त्यांच्या पायावर पाय ठेवला.

"भट्टीवर घड्याळ ठेवणारा मूर्खच," सेकंदराव म्हणाले. "तीन लाखांसाठी मी ते खोटं ठरवू?"

जाड्याने सिस्टरच्या हातातून पेन घेऊन सही केली. "बघा," तो रांगेला म्हणाला, "पैशासाठीसुद्धा बोलणार नाही. फेडेल हा."

ताईने चेक लिहिला. व्याज काचेच्या बँकेपेक्षा कमी होतं. जी फी कापली ती तिने बोटाने दाखवली, आणि ती एकच होती. सेकंदरावांनी तीनदा शोधलं, दुसरी सापडेना. त्यांना ते आवडलं नाही. संशय घ्यायला जागाच नव्हती.

"आभार वगैरे काही?" ताईने जाळीतून विचारलं.

"मालकाने नोकराचे आभार मानायचे असतात का?" सेकंदराव म्हणाले. "एक शेअर आहे माझा."

ताई खो खो हसली. "लवकर शिकलात हो."

पुतण्याला चेक मिळाला सहाला सतरा मिनिटं कमी असताना. त्याची स्कूटर पतपेढीच्याच कर्जावर होती, त्यामुळे चेकवरची ताईची सही त्याने नीट ओळखली आणि लगेच पावती दिली. चष्मेवाला सहाला आला. सेकंदरावांनी भिंतीवर एक टिचकी मारली. "आरसे दुसरीकडे लावा."

पुढच्या शनिवारी सकाळी ते काचेच्या बँकेत गेले नाहीत. तिथून फोन आला, "सर, घड्याळ थांबलंय." सेकंदराव म्हणाले, "तो प्रॉब्लेम मेंटेनन्समध्ये येतो. मी आता रिटेलमध्ये आहे." आणि फोन ठेवला. ठेव मोडली त्याचे पैसे बाराव्या दिवशी आले, तेही दंड कापून. तो दंड कापल्याचा निरोप आला, त्याचीही फी.

त्याच शनिवारी संध्याकाळी मात्र ते चावी, तेलाची कुपी आणि एक स्टूल घेऊन पतपेढीचा जिना चढले. नववी पायरी हलली. त्यांनी तिला शिवी दिली. रांगेच्या देखत स्टुलावर चढून घड्याळ सरळ केलं, पाठ उघडली, आपल्या मनगटाशी ताडून पाहिलं, आणि किंचाळले.

"हे वीस नाही! तबकडी कललेली म्हणून त्या दिवशी मलाही वीस दिसलं, हे तेवीस मिनिटं मागे आहे! तुम्हाला धड मागेसुद्धा राहता येत नाही? ठरावात वीस आहे ना? मग वीस करतो."

"थांबा, थांबा!" सिस्टर ओरडली. "त्या तीन मिनिटांत मी जिना चढते!"

"लिफ्ट बसवून घ्या. वीस म्हणजे वीस."

सायकलवाला उठला. त्याने हात पुसले. "हे बघा घड्याळवाले, इथे एकट्याचं चालत नाही. मत घेऊ. वीस हवं त्यांनी हात वर करा."

स्टुलावरून एक हात वर झाला.

"तेवीस?"

सगळी खोली हातांनी भरली. त्यात ताईचा हात होता, जाड्याचा होता, आणि बाकावरच्या बाईचा होता, जिच्याशी सेकंदरावांनी एकतीस वर्षं संसार केला होता.

काचेच्या बँकेत तीस वर्षं त्यांना कुणी मत विचारलं नव्हतं. इथे आठव्या दिवशी विचारलं आणि दोन मिनिटांत पाडलं. सेकंदराव स्टुलावर उभे राहून त्या हातांकडे बघत राहिले. ऑइलचे, पिठाचे, औषधांचा वास येणारे.

"मूर्खांचा बाजार आहे नुसता," ते म्हणाले.

"मालकांनो, ऐकलंत ना?" ताई म्हणाली, आणि रांग पुढे सरकली.

सेकंदरावांनी भिंग डोळ्याला लावलं. स्वतःच्या मनगटावरच्या घड्याळाकडे बघत, ओठ आवळून, पतपेढीचं घड्याळ बरोबर तेवीस मिनिटं मागे लावलं. मग कान लावून ऐकलं. सव्वादोन सेकंद कमी पडत होते. तेही त्यांनी भरून काढले.